मंद जठर आणि रोजचं ताट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. गॅस्ट्रोपॅरेसिसचे, म्हणजे जठर मंदावलेले, रुग्ण माझ्याकडे येतात आणि त्यातली एक घरातच आहे, माझी आई. मधुमेहाला बावीस वर्षं झाली, पोट वेळेवर रिकामं होईनासं झालं त्याला सहा. खालचे प्रश्न रुग्ण, त्यांच्या लेकी-सुना आणि कधीकधी वैतागलेले नवरे जसे विचारतात तसेच ठेवले आहेत. औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत; ते तुमच्या पोटविकारतज्ज्ञांकडूनच घ्या.

१. "तुझं पचन मंद आहे" असं मला लहानपणापासून ऐकवतात. गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणजे तेच का?

बहुधा नाही. "पचन मंद" हे लेबल आपण गॅसपासून बद्धकोष्ठापर्यंत कशालाही चिकटवतो. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये वाटेत कुठेही अडथळा नसतो, तरी जठरातलं अन्न पुढे सरकत नाही. जठराचा खालचा भाग एरवी पाट्यावरवंट्यासारखा चालतो. घास घुसळून त्याचे एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की मगच ते खालच्या झडपेतून लहान आतड्यात जातात. हे काम चालवणाऱ्या नसा, मुख्यतः वेगस नस, किंवा जठराचे स्नायू मंदावले की दळण थांबतं. मग चार घासांत पोट भरतं, मळमळतं, पोट डब्ब होतं. सकाळच्या उलटीत आदल्या रात्रीची मटकी अख्खी दिसली, असं कुणी सांगितलं की माझे कान टवकारतात.

मोठ्या आतड्याची गती मंद असणं हा वेगळा आजार, आणि त्यात भरपूर चोथा खायला सांगतात. इथे सल्ला नेमका उलटा. म्हणून आधी निदान, मग ताट.

२. हे होतं कशामुळे?

जुना मधुमेह हे एक मोठं कारण. जठर किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत वेगस नसेला धक्का लागणं हे दुसरं. काहींना विषाणूच्या आजारानंतर होतं आणि काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत ओसरतंही. अनेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसतं. पार्किन्सन्स, स्क्लेरोडर्मा (त्वचा ताठ होण्याचा आजार), थायरॉइड कमी असणं हेही तपासतात.

काही औषधंही जठराला आळस आणतात: ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. तपासणी कोणती? एंडोस्कोपी नॉर्मल आली, म्हणजे काही नाही ना?

एंडोस्कोपी अडथळा किंवा व्रण नाही एवढंच सांगते. जठराचा वेग तिला दिसत नाही. त्यासाठी गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन असतो. ठरलेलं खाणं देतात, त्यात टेक्निशियमचा किरणोत्सारी अंश अगदी थोडा मिसळलेला असतो, आणि चार तास ठरावीक वेळांना फोटो काढतात. दोन तासांनी ६० टक्क्यांपेक्षा जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरातच असेल तर वेग मंद. मूळ पद्धतीतलं खाणं म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, ब्रेड आणि जॅम. अंडं खात नसाल तर आधी फोन करून विचारा. आपल्याकडे काही ठिकाणी इडली देतात.

स्कॅन चार तासांचाच करून घ्या. दोन तासांत आटोपलेल्या स्कॅनमध्ये काही रुग्ण निसटतात. त्या दिवशी साखर खूप चढलेली असेल तर निकाल फसवा येतो, आणि जठराच्या गतीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या तेही विचारून ठेवा.

४. मग खायचं काय? एका वाक्यात सांगा.

बारीक, मऊ, थोडं थोडं आणि दिवसातून पाच-सहा वेळा.

आता एकापेक्षा जास्त वाक्यांत. जठर दळत नसेल तर दळण बाहेर करायचं: कुकरमध्ये, मिक्सरमध्ये, गाळणीवर आणि दातांनी. २०१४ मध्ये स्वीडनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, काट्याने सहज कुस्करता येईल इतकं बारीक-मऊ अन्न खाणाऱ्यांची मळमळ, उलटी आणि पोट भरल्याची भावना कमी झाली. पदार्थ तेच, फक्त कण लहान. आपल्या स्वयंपाकघराला हे नवं नाही. बाळाच्या उष्टावणानंतर आणि आजोबांची कवळी हरवल्यावर आपण हेच करतो.

मऊ भात आणि मेतकूट, ताकातली तांदळाची उकड, मुगाच्या डाळीची पळीवाढी खिचडी, रव्याची खीर, दूध घालून शिजवलेल्या बारीक शेवया, इडली, नाचणीचं सत्त्व. या शेवटच्याबद्दल एक खुलासा. पूर्वी घरी नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवत. ते खरं सत्त्व. त्यात चोथा नसतो. बाजारात त्याच नावाने मोड आणलेल्या नाचणीचं नुसतं पीठ मिळतं. चांगलंच असतं, पण आपल्यासाठी नाही. पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून सोडा. गाळणीत लाल कोंडा उरला तर ते पीठ.

सकाळी जठर त्यातल्या त्यात उत्साही असतं, दिवस चढतो तसं थकतं. म्हणून घन पदार्थ दुपारपर्यंत आणि संध्याकाळनंतर पेज, सूप, दूध. आपल्याकडचं रात्री नवाचं भरपेट जेवण हा या आजारात सगळ्यात महागात पडणारा रिवाज आहे.

५. पण भाकरी, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं हेच तर पौष्टिक असतं ना?

निरोगी जठराला, होय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान याच्याच चुकीच्या उत्तराने झालेलं मी पाहिलं आहे, घरात सुद्धा. आईला एका रुग्णालयातून सुटी देताना मधुमेहाचा छापील आहारतक्ता हातात ठेवला: ज्वारीची भाकरी, काकडी-गाजर, मोड आलेले मूग, सालासकट फळं, वर लिहिलेलं "भरपूर तंतुमय". आईने तो देवासारखा पाळला. तीन आठवड्यांत वजन चार किलो उतरलं आणि ती स्वतःलाच दोष देत होती की आपल्याला पथ्य जमत नाही.

तंतू जठराची गती आणखी कमी करतात आणि न दळलेले तंतू एकमेकांत अडकून गोळा बनतो. त्याला बेझोआर म्हणतात. तो कधी कधी एंडोस्कोपीने फोडावा लागतो. ओलं खोबरं, संत्र्याच्या फोडींवरची सालं, अंजीर, बटाट्याची साल, शेंगांच्या शिरा, अख्खी कडधान्यं यांना म्हणून सुटी. त्रास वाढलेला असताना दिवसाचे तंतू १० ग्रॅमच्या आसपास ठेवतो.

हा बदल गॅस्ट्रोपॅरेसिस असलेल्यापुरता आहे. घरातल्या बाकीच्यांनी कोशिंबीर सोडू नये.

६. मला दिवसाला किती कॅलरी लागतात ते कसं काढू?

ढोबळ हिशेब वजनाच्या किलोमागे २५ ते ३० कॅलरी. पन्नास किलोच्या बाईला साधारण १,२५० ते १,५००. प्रथिनांसाठी भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तिला ४१-४२ ग्रॅम; वजन उतरलेलं असेल तर आम्ही थोडं वाढवतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

आकड्यापेक्षा वजनकाटा जास्त खरा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी. रोज करू नका. पाण्यामुळे एखादा किलो वर-खाली होतो आणि घरात उगाच सुतकी वातावरण.

७. एका दिवसाचं उदाहरण द्याल का? वाट्यांच्या मापात.

आईचाच एक बरा दिवस देते. वाटी म्हणजे आमटीची लहान वाटी, कॅलरी अंदाजे.

सकाळी ७ : म्हशीचं दूध दीडशे मिली, त्यात दोन मोठे चमचे नाचणी सत्त्व शिजवून, चिमूटभर वेलची. २१०.

साडेनऊ : एक वाटी मऊ भात, चमचाभर तूप, मेतकूट. १७०.

साडेबारा : एक वाटी मूगडाळ-तांदळाची खिचडी तुपासह, लाल भोपळ्याची घोटलेली भाजी दोन चमचे, अर्धी वाटी दही. २९०.

साडेतीन : एक मऊ उकडलेलं अंडं आणि पांढऱ्या ब्रेडची भाजलेली एक चकती. १४०.

सहा : दीडशे मिली दूध, एक लहान पिकलं केळं, दोन मोठे चमचे दूध पावडर, मिक्सरमधून. ३००.

साडेआठ : दुधी आणि मुगाच्या डाळीचं गाळलेलं सूप, चमचाभर तूप. १२०.

बेरीज १,२३० च्या आसपास. कमी पडतंय, हे खरं. मग पोटातली जागा न वाढवता कॅलरी वाढवायच्या: सकाळच्या दुधातही दूध पावडर (७५), खिचडीत तुपाचा आणखी एक चमचा (४५), सूपमध्ये चमचाभर साय. घास तेवढेच, आत भर जास्त. इथे प्रत्येक घासाला भाडं भरावं लागतं. रिकामटेकड्या घासाला जागा नाही.

दूध-केळं पाहून मधुमेही वाचक दचकले असतील. त्यांनी प्रश्न १२ वाचल्याशिवाय हा दिवस उचलू नये.

८. तूप-तेल बंद करायला सांगितलंय. तुम्ही तर चमच्याने घालताय!

स्निग्ध पदार्थ जठराची गती कमी करतात हे बरोबर. पण तळलेली पुरी आणि पेजेत विरघळलेलं तूप यांत फरक आहे. पातळ पदार्थातली चरबी बरेच रुग्ण नीट सोसतात, आणि एका ग्रॅममागे ९ कॅलरी देणारं दुसरं काही स्वयंपाकघरात नाही. पिष्ट आणि प्रथिनं ४-४ देतात. सगळी चरबी काढून टाकली की वजन उतरणारच.

भजी, शेव, चिवडा, तर्रीदार रस्सा, मटणाचा तवंग बाजूला. तूप, साय, लोणी चमच्याने, पातळ पदार्थात विभागून. कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी : खोबऱ्याचा कीस नको, पण गाळलेलं नारळाचं दूध चालतं. सोलकढी तशी उत्तम, मात्र जळजळ होत असेल तर आमसूल हलकं.

९. शाकाहारी आहे, कडधान्यं बंद. प्रथिनं कुठून आणू?

कडधान्यं बंद नाहीत, त्यांची सालं बंद आहेत. मुगाची धुतलेली डाळ, तुरीचं गाळलेलं वरण, मुगाचं कढण गाळून. तीस ग्रॅम कोरडी मूगडाळ साधारण ७ ग्रॅम प्रथिनं देते.

माझा लाडका उपाय चक्का. एक वाटी दही रात्रभर फडक्यात टांगलं की सकाळी अर्ध्या वाटीत त्यातलं बहुतेक प्रथिन जमतं, जागा निम्मी. थोडी पिठीसाखर किंवा मीठ-जिरं. कच्चं मऊ पनीर मिक्सरमधून काढून सूपमध्ये मिसळा. तळलेलं किंवा रबरासारखं शिजलेलं नको. शेंगदाण्याचा कूट कितीही बारीक केला तरी खरखरीत राहतो, त्यापेक्षा गुळगुळीत पीनट बटर चमचाभर.

अंडं, मासे खात असाल तर काम सोपं. ओले बोंबील किंवा वाफवलेलं पापलेट काट्याने आपोआप सुटतं. चिकन खिम्याच्या रूपात. मटणाचे दोरे नकोत.

प्रथिनांच्या डब्यावर मागची बारीक अक्षरं वाचा. कित्येकांत इन्युलिनसारखा तंतू मुद्दाम घातलेला असतो, आणि आपण पैसे देऊन तोच विकत घेतो.

१०. पाणी, चहा, ताक जेवताना घ्यावं का?

जेवताना घोटभर. ग्लासभर पाणी जेवणाआधी प्यालं की जागा संपली. दिवसाचे दीड लिटर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घोटाघोटाने. भूक मेलेली असेल तेव्हा पाण्याऐवजी कॅलरी असलेलं काही : दूध, गाळलेली पेज, गोड ताक, बिया काढून कलिंगडाचा रस.

चहा अर्धा कप, दुधाचा, जेवणापासून दूर. त्यात बुडवून मऊ केलेला टोस्ट चालतो. खारी नाही, ती नुसती चरबीची पानं. सोडा आणि शीतपेयं पोट आणखी फुगवतात. "सोडा प्यायल्यावर ढेकर येऊन बरं वाटतं" असं म्हणणाऱ्यांना अर्ध्या तासानंतर कसं वाटतं ते मी विचारते.

दारू, विडी-सिगरेट, तंबाखू यांचा जठराच्या गतीशी उभा दावा आहे. मिश्री तंबाखूचीच, बरं का. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" हे उत्तर मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

११. कोणत्या भाज्या-फळं चालतील?

साल आणि बी काढून, शिजवून, घोटून : दुधी, लाल भोपळा, पडवळ, गाजर, बटाटा, बीट. पालक गाळून सूपमध्ये; मेथी, अंबाडी, शेपू नको. गवार, भेंडी, वाल, कोबी, फ्लॉवर यांना रजा. वांग्याच्या भरितात बिया राहतात, म्हणून बरं दिसलं तरी नाही.

फळांत पिकलं केळं, पपई, सोललेला मऊ चिकू, शिजवलेलं सफरचंद, गाळलेला आमरस. पेरू, अननस, अंजीर, संत्र्याच्या फोडी नकोत. संत्र्याचा गाळलेला रस चालतो.

१२. मला मधुमेह आहे. साखर कधी एकदम खाली, कधी आकाशाला. असं का?

कारण इन्सुलिन वेळेवर पोहोचतं आणि अन्न उशिरा. जेवणाआधी टोचलेलं इन्सुलिन तासाभरात जोरात असतं, तेव्हा खिचडी अजून जठरातच. साखर खाली येते. तीन-चार तासांनी अन्न उतरतं, तोवर इन्सुलिनचा जोर सरलेला, साखर वर. त्यात चढलेली साखर स्वतःच जठर आणखी मंद करते, म्हणजे चक्र पूर्ण.

यावर इन्सुलिन जेवणानंतर घेणं, प्रकार बदलणं, डोस विभागणं असे मार्ग आहेत, पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. त्यांच्याकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या : काय खाल्लं, किती वाजता, साखर किती, उलटी झाली का. दंडावरचा ग्लुकोज सेन्सर परवडत असेल तर या आजारात तो पैसे वसूल करतो.

साखर ७० च्या खाली गेली तर बिस्किट, लाडू, पेढा नाही. तेही जठरातच बसतील. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय.

प्रश्न ७ मधलं दूध-केळं मधुमेहींना बंदच असं नाही. वजन उतरत असताना आधी अन्न आत गेलं पाहिजे, साखर औषधाने सांभाळायची. केळं अर्धं करा, चक्क्यातली (प्रश्न ९) पिठीसाखर सोडा, बाकी तसंच.

१३. वजन कमी करायचं इंजेक्शन घेतेय, तेव्हापासून दोन घासांत पोट भरतं. हे तेच का?

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही औषधं जठर रिकामं होणं लांबवतात. भूक कमी होण्याचं ते एक कारणही आहे. २०२५ पासून मौंजारो (टिर्झेपॅटाइड) आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) भारतात मिळू लागल्यावर हा प्रश्न वाढला. बहुतेकांना डोस वाढवतानाचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. पण सतत उलट्या, पाणीही न टिकणं, जुन्या अन्नाची उलटी असेल तर लिहून देणाऱ्यांना लगेच कळवा.

तीन ठिकाणी हे सांगायला विसरू नका : स्कॅनच्या आधी, एंडोस्कोपीच्या आधी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना. उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं. आधीपासून गॅस्ट्रोपॅरेसिस असेल तर जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून हे टोचून घेऊ नका.

१४. बद्धकोष्ठही आहे. इसबगोल घेऊ?

नको. इसबगोल पाणी शोषून फुगतो, मोठ्या आतड्यात ते उपयोगी, पण इथे तो जठरातच फुगून बसतो. काही "पोट साफ" चूर्णांतही इसबगोल असतो, पाकीट उलटून पाहा. पाणी आत धरून ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी औषधं डॉक्टर देतात. लॅक्टुलोजने काहींचं पोट फुगतं. कोठा तुंबलेला असेल तर जठरही अडून बसतं, त्यामुळे हा प्रश्न अंगावर काढू नका.

१५. जेवल्यावर वामकुक्षी की शतपावली?

शतपावली, हळू. पूर्वजांचा एवढा सल्ला तरी विज्ञानाने तसाच ठेवला. निदान तासभर, जमल्यास दोन तास ताठ बसा किंवा रमतगमत चाला. वामकुक्षीची अडचण अशी की डाव्या कुशीवर जळजळ कमी होते, पण जठर रिकामं व्हायला उजवी कुशी बरी, आणि उजवीवर आम्ल वर येतं. दोन्ही भांडणं टाळायची तर आडवं होऊच नका. रात्री उशाकडची खाटेची बाजू विटा लावून सहा-आठ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर कमरेत वाकून पोटावर उलट दाब येतो.

१६. चतुर्थी, एकादशी, नवरात्र करू का?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, वजन उतरत असेल, तर नाही. देव समजून घेईल, सासूबाईंना मी फोन करते (खरोखर केला आहे).

बाकीच्यांनी निर्जळी सोडून पातळ उपवास करावा. साबुदाण्याची खिचडी चिकट, तुपकट, वर दाण्याचा कूट. या जठराला तिच्याइतकं अवघड काही नाही. त्याऐवजी साबुदाण्याची दुधातली पातळ खीर, भगरीची मऊ पेज, राजगिऱ्याच्या पिठाची लापशी, ताक. रताळं शिजवून, शिरा काढून, दुधात घोटून.

१७. इतकं मोजून खाल्लं तरी थकवा जात नाही. काही कमी पडतंय का?

तपासून घ्या : हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ घसरतं, त्यात शाकाहार असला की आणखी. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर पातळ औषध किंवा सलाइनमधून देतात.

थायमिन, म्हणजे बी-१, बहुतेकांच्या ध्यानात नसतं. उलट्या सतत होत राहिल्या तर त्याचा साठा संपत जातो. चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही धोक्याची खूण. तसंच बरेच दिवस जवळपास उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणं घातक असतं, रक्तातले क्षार कोसळतात. तो टप्पा डॉक्टरांच्या नजरेखालीच.

१८. गतीची गोळी सुरू केली आणि वडिलांचा हात थरथरायला लागला. योगायोग?

योगायोग समजू नका. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या "गॅसच्या" अनेक कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड हे गतीचं औषध जोडलेलं असतं. लेव्होसल्पिराइड आणि गतीचंच दुसरं औषध मेटोक्लोप्रामाइड यांमुळे, विशेषतः वयस्कांत, कंप, ताठरपणा, तोंडाच्या नकळत हालचाली होऊ शकतात. मेटोक्लोप्रामाइडबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये ठळक इशारा छापायला लावला. बारा आठवड्यांच्या वर ते सहसा देऊ नये असं सांगितलं जातं. डॉम्पेरिडोनमध्ये हृदयाच्या ठोक्याकडे लक्ष ठेवतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षभर तीच पट्टी आणत असाल तर आज तिचं नाव वाचा आणि डॉक्टरांना फोन करा.

१९. सगळं करूनही वजन उतरतंय. पुढे काय? आणि रुग्णालयात कधी पळायचं?

तीन ते सहा महिन्यांत न ठरवता दहा टक्के वजन उतरलं, तर नळीने आहार देण्याचा विचार करावा लागतो. नळी जठराला वळसा घालून लहान आतड्यात सोडतात, आधी नाकातून तात्पुरती, गरज पडली तर पोटातून. "नळी म्हणजे शेवट" असं लोक समजतात. माझे काही रुग्ण दोन-तीन महिने नळीवर राहून, वजन भरून, पुन्हा खिचडीवर आले आहेत. याशिवाय जठराची खालची झडप एंडोस्कोपीतून सैल करण्याची जी-पोएम ही प्रक्रिया भारतातही होते. निवडक रुग्णांना तिचा फायदा होतो.

थांबू नका जर : दिवसभर पाणीही टिकत नाही, लघवी फार कमी होते, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं, पोटात असह्य कळ आहे, किंवा इन्सुलिनवर असताना उलट्यांबरोबर दम लागतो.

२०. लग्नात, पाहुण्यांकडे काय करू? "एवढंच?" म्हणून सगळे मागे लागतात.

घरून खाऊन निघा. पंगतीत वरण-भात-तूप आणि जिलेबीऐवजी श्रीखंड चमचाभर. ताटात आधीच थोडं थोडं वाढून ठेवलं की वाढपी पुढे सरकतो. रिकामं ताट दिसलं की आग्रह सुरू. "डाएट करतेय" म्हणू नका, त्याला कुणी जुमानत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" याला अजून थोडा मान आहे. हॉटेलात इडली सांबारात कुस्करून, दहीभात, टोमॅटोचं सार.

२१. आता बरं आहे, दोन महिने उलटी नाही. भाकरी कधी खाता येईल?

त्रास थांबून सहा-आठ आठवडे झाले, वजन स्थिर आहे आणि साखर बऱ्यापैकी हातात आहे, तर एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळच्या जेवणात, तीन दिवस. त्रास झाला तर मागे, पुन्हा महिन्याने. भाकरीआधी मऊ पोळीचा पापुद्रा वरणात भिजवून पाहा. भाकरी ज्वारीची, पीठ बारीक चाळणीने चाळलेलं, पातळ थापलेली. बाजरी शेवटी.

आई गेल्या हिवाळ्यात इथवर आली. पाव भाकरी, कडा काढून, वाटीत चुरून वर गरम दूध, झाकून दहा मिनिटं, मग चमच्याच्या पाठीने घोटून. पहिल्या दिवशी तिने चार चमचे खाल्ले, तास मोजत बसली, आणि संध्याकाळी विचारलं, "उद्या ठेचा?" ठेच्याला मी अजून नाहीच म्हणते आहे.